मी नुसता नारळ दिला

नको, नको... शशिकांतराव, तो नारळ आधी खाली ठेवा. शाल द्या, शाल घेते, इथल्या थंडीत उपयोगी पडेल, गुच्छ द्या, पण ते श्रीफळ नको. हसू नका हो. मंडळाच्या अध्यक्षांचा मान मला ठेवायचाच आहे, पण या देशात एका हातातून दुसऱ्या हातात नारळ जाताना दिसला की मी दोन पावलं मागे सरते. का म्हणजे? तुम्ही सगळे फ्रांकफुर्टवाले, तुमच्या कानावर आलंच असेल की. कुंदाताई पेंडशांनी म्हणे जर्मन लोकांना लाच दिली. कुणी सांगितलं पाकीट दिलं, कुणी सांगितलं रेशमी साडी दिली, एका बाईंनी तर मला भर दुकानात विचारलं, काय हो, ते सोन्याचं काय झालं शेवटी... सोनं? कुठलं सोनं? मी काय केलं? मी नुसता नारळ दिला!

आता शाल घातलीच आहे अंगावर, तर ऐका सगळं.

आल्झो... बघा, मराठी बोलायला उभी राहिले तरी तोंडात जर्मनांचं आल्झो येतं. तर आम्ही राहतो र्युसेल्सहाइमच्या अलीकडच्या एका गावात. आमचे हे गाड्यांच्या कारखान्यात इंजिनीअर. ते काय, मागे खांबाआड बसलेत, कारण मी आता काय काय सांगणार ते त्यांना माहितीय. तिथं शाळा सुटते दुपारी, जेवणाच्या वेळेला. म्हणजे आयांनी करायचं काय? ज्यांची दुसरी पाळी असते त्यांनी? आमच्याच जिन्यात सेलीन म्हणून एक तुर्की पोरगी राहते, तेव्हा दुसरीत होती, आई तिची कारखान्याच्या कँटीनमध्ये, आणि पोरीच्या गळ्यात दोरीला घराची चावी. एक दिवस दोरी तुटली, चावी हरवली. मी भाजी घेऊन येतेय तर ही जिन्यात बसलेली, डिसेंबर महिना, ओठ निळे, आणि वर मला म्हणतेय, मला थंडी वाजत नाही. घरात घेतलं, वरण-भात घातला, गृहपाठ करून घेतला. दुसऱ्या दिवशी चावी सापडलेली होती, तरी ती आली. मग मैत्रिणीला घेऊन आली. मग एक इटालियन जुळी जोडी आली, मग मोरोक्कोची भावंडं, आणि एका संध्याकाळी आमचे हे दारात उभे राहून विचारतात, "कुंदा, मी माझे बूट कुठं ठेवू?"

म्हणून जागा भाड्यानं घेतली. गेल्या उन्हाळ्यात, तो फुटबॉलचा वर्ल्ड कप चालला होता ना, गल्लीभर झेंडे, तेव्हा. रीतसर हां, धंद्याची नोंद करून, उद्योजिका झाले मी! जागा कुठली, तर जुनं खाटकाचं दुकान. भिंतीला पांढऱ्या फरशा, पुसायला सोप्या, आणि वर ओळीनं स्टीलचे आकडे. त्या आकड्यांना आता पोरांची दप्तरं लटकतात. नाव ठेवलं 'दुपार'. एक पोलिश आई पाटी वाचून इतकी हसली, इतकी हसली, आणि का हसतेय ते काही सांगेना. मग कळलं त्यांच्या भाषेत तसंच काहीतरी बसायच्या अवयवाला म्हणतात. म्हटलं, असू दे, पोरांना बसायलाच तर जागा दिलीय.

सगळं सुरळीत चाललेलं, आणि शरदात अग्निसुरक्षेचा साहेब आला. उंच, शांत माणूस. जागा बघितली, आकडे बघितले, मला विचारलं, "दुसरं दार कुठंय?" मी म्हटलं, दुसरं कशाला, हे आहे की. तो म्हणाला, "हे पहिलं. आग या दाराशी लागली तर मुलं कुठून बाहेर पडणार?" आता मला सांगा, याचं काय चुकलं? काहीच नाही. तेच तर ना, इथली माणसं चुकत नाहीत, भांडायचं कशावरून? खिडक्यांना गज, मागची भिंत अंगणाकडे, त्या भिंतीत एक दार बसवायचं, आगीला दाद न देणारं, आतून ढकललं की उघडणारं, आणि ते ईस्टरच्या आत. आणि नाही बसवलं तर? तो म्हणाला, "तर मग बंद, फ्राउ पेंडसे." इतक्या हळू आवाजात म्हणाला, की मला ते ओरडण्यापेक्षा जास्त लागलं. सेलीन तिथंच चित्र रंगवत होती. तो गेल्यावर वर न बघता विचारते, "मग मी चावीला नवी दोरी आणू का?"

त्या दाराची किंमत ऐकून आमचे हे खाली बसले. आणि तेव्हा कळलं, की लिंडनहोफ श्टिफ्टुंग म्हणून एक आहे. श्टिफ्टुंग म्हणजे आपला ट्रस्ट. ते छोटी छोटी अनुदानं देतात. कुणाला? तर मुलांसाठी काही उद्योग काढणाऱ्या बायांना, ज्यांना मिग्राट्सिओन्सहिंटरग्रुंड आहे. म्हणून बघा एकदा, घसा साफ होतो. हिंटरग्रुंड म्हणजे पार्श्वभूमी. बाहेरून आलेल्या माणसाच्या मागे म्हणे ती असते. आपल्याकडे फोटो स्टुडिओत नाही का, मागे पडद्यावर कारंजं आणि हंस रंगवलेले, आपण पुढे स्टुलावर? तशी मी. इथं जो तो आधी माझ्या मागचे हंस बघतो, मग मला. पण म्हटलं, दार मिळत असेल तर बघा बापडे हंस.

डिसेंबरात सासूबाई आल्या मिरजेहून, तीन महिन्यांच्या व्हिसावर. रोज दुपारी दुकानात यायच्या. "आधी कसलं होतं गं हे दुकान?" म्हटलं, किराणा मालाचं, आई. देवा, क्षमा कर. त्या आपली जपमाळेची पिशवी त्याच आकड्याला अडकवायच्या, आणि मी तिकडं बघायचंच टाळायची. पण त्यांना हा देश फार आवडला. का? तर माणसं म्हणे फार अगत्याची. "अगं, फोनवर बोलतानासुद्धा सारखे या, या म्हणतात. बेकरीत या, बँकेत या. आपल्याकडे हल्ली कोण म्हणतं इतकं?" मी समजावलं, अहो आई, ते या म्हणजे हो. होकार आहे तो. "असेल," म्हणाल्या, "पण ऐकायला बरं वाटतं की नाही?"

तर मी अर्ज केला, तो पुढे सरकला, आणि निरोप आला की अनुदान ठरवणाऱ्या ज्युरीतल्या एक बाई जागा बघायला येणार. फ्राउ डॉक्टर हेलविग. कधी? तर जानेवारीत. संक्रांत आणि रथसप्तमीच्या मधे! बायकांनो, तुमच्या आलं लक्षात... हळदीकुंकवाचे दिवस, सासूबाई हजर, आणि उंबऱ्यात एक बाई पहिल्यांदा येणार. मी बजावलं होतं. आई, ती परीक्षक आहे, तिला काही द्यायचं नाही. "पहिल्यांदा दारात आलेल्या बाईला ओटी न भरता लावून देणार तू? लोक काय म्हणतील?" कुठले लोक आई, इथं कोण आहे आपलं? "मी आहे ना," म्हणाल्या.

त्या आठवड्यात येणाऱ्या प्रत्येक आईला त्यांनी वाण दिलंच होतं. मिरजेहून आणलेली चहाची गाळणी. सेलीनच्या आईला गाळणी, जुळ्यांच्या आईला गाळणी, त्या पोलिश बाईला गाळणी. पण ओटीला नारळ हवा. इथल्या सुपरमार्केटात मिळतो नारळ, पण तासून गुळगुळीत केलेला. सासूबाईंनी तो हातात फिरवून बघितला. "याची शेंडी कुठंय?" म्हटलं, इथं असाच येतो. "बोडका नारळ घालायचा ओटीत? त्या बाईच्या नवऱ्याचं भलं चिंतायचंय ना आपल्याला?" झालं. आमचे हे, कारखान्यात भल्या भल्या जर्मनांना उलटतपासणीत धरणारे, आई म्हणाली म्हणून शनिवारी गाडी काढून इथं फ्रांकफुर्टात, स्टेशनजवळच्या दुकानात, शेंडीचा नारळ आणायला. कानाशी वाजवून आणला. अहो, खांबाआडून बाहेर या जरा, आणलात की नाही?

आली ती बाई. साठीच्या आतबाहेरची, आखूड पांढरे केस, गळ्यात लांबलचक लोकरी मफलर. आणि चांगली हो! सरळ जमिनीवर बसली पोरांबरोबर. सेलीननं तिला बे एके बे म्हणून दाखवलं, बे दाहे वीसपर्यंत, सासूबाईंच्या चालीत, मिरजेच्या सुरात. तिनं परत म्हणायला लावलं. आकड्यांवरची दप्तरं बघून तर ती एवढी खूश झाली, म्हणाली, हेच तर बघायचं होतं मला. मी मनात म्हटलं, मिळालं दार. इतक्यात ती निघायला उठली, आणि सासूबाईही उठल्या.

मी पुढे झाले, पण त्यांनी ओवीला धरलं होतं. ओवी आमची मुलगी, तेरा वर्षांची, मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये. सासूबाई म्हणतात, "विचार तिला, मालक आहेत ना?" आणि ही कार्टी, एरवी हाका मारून घसा बसला तरी कानातली गाण्याची वायर काढत नाही, ही शुद्ध जर्मनमध्ये विचारते, "आजी विचारतेय, तुमचा नवरा अजून जिवंत आहे का?" मला वाटलं, आत्ताच्या आत्ता आग लागावी आणि मी त्या एकुलत्या एका दारातून पळून जावं. फ्राउ हेलविगनी मफलर सावरला. मग म्हणाल्या, "लायडर, या." म्हणजे, दुर्दैवानं, हो. घटस्फोट झालेला, बरं का, आणि तोही कडाकडा भांडून. पण सासूबाईंच्या कानात काय शिरलं? शेवटचं 'या'! "बघ, आहेत म्हणतेय, आणि वर या म्हणून बोलावतेय. आण तो नारळ."

आता पदर नाही, तर ओटी कशात घ्यायची? त्या बिचारीनं मफलर पसरला. सासूबाईंनी कुंकू लावलं, खण घातला, तांदूळ घातले, गाळणी घातली, आणि मला डोळ्यांनी खूण केली. तुम्ही असतात तर काय केलं असतंत? समोर सासूबाई, ती बाई मफलर पसरून उभी, पोरं श्वास रोखून बघतायत... तांदूळ सासूबाईंचे, खण सासूबाईंचा, सगळा बेत सासूबाईंचा. मी? मी नुसता नारळ दिला!

आणि ती बाई तशीच ऑफिसात गेली. तशीच! सासूबाईंचं कुंकू म्हणजे टिकली नव्हे, चांगलं रुपयाएवढं. तिथं मीटिंग चालू. अध्यक्ष हेर ब्र्योमेल, हे गृहस्थ पूर्वी कोर्टात होते, ते खुर्चीतून उठले आणि म्हणाले, "फ्राउ डॉक्टर, तुम्हाला रक्त येतंय." ती म्हणाली, छे, हे मला अर्जदारांनी लावलं. आणखी काय दिलं अर्जदारांनी? बाई सरळ. तिनं मफलर टेबलावर उघडला. नारळ म्हणे घरंगळत घरंगळत गेला आणि हेर ब्र्योमेलांसमोर थांबला, शेंडी बरोबर त्यांच्याकडे करून. शास्त्राप्रमाणे!

झालं. त्यांचा नियम आहे. ज्युरीतल्या माणसानं अर्जदाराकडे कॉफी प्यायली तर चालते, बाकी काही घेतलं तर तो माणूस बेफांगेन. मला आधी वाटलं, बाईला काहीतरी झालं. बेफांगेन म्हणजे तिचं मन म्हणे आता माझ्या बाजूला कललं, तिला मत देता येणार नाही. नारळानं कललं! अहो, ते तर बे एके बे ऐकूनच कललं होतं. म्हणजे आमच्या बाजूनं बोलणारी एक बाई, तिलाच आम्ही बाहेर काढलं. वर मला बोलावणं, मार्चमध्ये या आणि खुलासा करा. आणि नारळ कुठं? कपाटात, प्लास्टिकच्या पिशवीत, वर चिठ्ठी डकवून. पुरावा म्हणून!

तुम्हाला सांगते, त्या महिन्यात लाच हा शब्द ऐकून ऐकून मलाच संशय यायला लागला, की खरंच माझ्या मनात होतं की काय? नारळ देताना मी दाराचा विचार केला का? केलाच असेल. त्या दिवसांत मी दाराशिवाय कसला विचारच करत नव्हते. पोरांच्या आया विचारायच्या, ईस्टरनंतर काय? मी म्हणायची, बघू. एका दुपारी सेलीननं गळ्यातली दोरी दाखवली. नवी, जांभळी, तिनं स्वतः विणलेली. "बघ, ही तुटणार नाही." मला शाबासकी द्यावी लागली.

खुलाशाचा दिवस आला. सासूबाई तोवर मिरजेला पोचलेल्या, म्हणजे मुख्य आरोपी देशाबाहेर. हे म्हणाले, "कमी बोल." यांचा सगळ्यावर एकच सल्ला असतो. मी ओवीला बरोबर घेतलं आणि बसमध्ये मनाशी मुद्दा पक्का केला. मुद्दा असा, की हे आम्ही कुणा एकाला देत नाही, सगळ्यांना देतो, आम्ही वाण लुटतो! वा, म्हटलं, हाच शब्द. ओवीला विचारलं, अगं, लुटणे याला काय म्हणतात? ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "प्लुंडर्न." छान गोल गोल शब्द. उतरेपर्यंत पाठ केला, प्लुंडर्न, प्लुंडर्न... आता मला माहितीय हो. दंगलीत काचा फोडून दुकानं साफ करतात, लढाईत सैन्य गावात शिरून करतं, ते प्लुंडर्न. तेव्हा कुठं माहीत होतं?

आत लांब टेबल, पलीकडे हेर ब्र्योमेल आणि बाकीची ज्युरी, आणि मधोमध माझा नारळ. ओवी मागच्या खुर्चीत, कानात वायर.

"फ्राउ पेंडसे, तुम्ही ज्युरीच्या सदस्याला नारळ का दिलात?"

मी म्हटलं, "जानेवारी होता म्हणून." खरंच आहे ना?

"म्हणजे जानेवारीत तुम्ही सगळ्यांना नारळ देता?"

"नाइन, नाही. बाकीच्यांना गाळणी."

"मग यांनाच नारळ का?"

"त्या पहिल्यांदा आल्या होत्या."

"म्हणजे यांना जास्त दिलंत. कशासाठी?"

"नवऱ्याला आयुष्य लाभावं म्हणून."

"कुणाच्या नवऱ्याला?"

"त्यांच्या."

"त्यांना नवरा नाही, फ्राउ पेंडसे."

"आहे," मी म्हटलं. "लायडर."

टोकाची एक बाई खोकली. मी म्हटलं, आता तो शब्द काढावा. ताठ बसले, शाल सावरतात तशी ओढणी सावरली, आणि म्हटलं, हेर ब्र्योमेल, तुम्हाला आमची रीत माहीत नाही म्हणून हा घोटाळा झालाय. दर जानेवारीत आम्ही सगळ्या बायका मिळून प्लुंडर्न करतो.

हेर ब्र्योमेलांनी खुर्ची पुढे ओढली.

"काय करता?"

"प्लुंडर्न. घरोघरी जाऊन."

"इथं? जर्मनीत?"

"या, गेनाऊ, अगदी बरोबर. फ्रांकफुर्टलासुद्धा. तिथं आमचं मंडळ आहे." तुम्हालाही गोवलं बघा मी त्यात.

"आणि... पोलीस?"

मी म्हटलं, "पोलीस ना? माझ्या माहेरी तर फौजदारांची बायको सगळ्यांच्या पुढे असायची."

टोकाच्या बाईनं टेबलावरची पर्स उचलून मांडीत घेतली. हेर ब्र्योमेल काहीतरी लिहायला लागले, आणि मला तेवढ्यात कळलं की काहीतरी भयंकर झालंय, पण काय ते कळेना. समोर नारळ, शेंडी आता माझ्याकडे.

आणि मागे खुर्ची सरकली. ओवी उभी राहिली. कानातली वायर काढली. ही माझी पोरगी, जी हळदीकुंकवाच्या दिवशी खोलीचं दार लावून बसायची, जिला आजीनं कुंकू लावलं की बाथरूममध्ये जाऊन पुसायची, मैत्रिणी काय म्हणतील म्हणून. ती म्हणाली, चूक माझी आहे, मी आईला चुकीचा शब्द दिला. मराठीत हा शब्द दोन्हींना आहे, घेणाऱ्यालाही आणि देणाऱ्यालाही. मग तिला पुढचा शब्द सापडेना. शेवटी म्हणाली, "माझी आजी अशी देते, की नंतर घरात बघितलं तर वाटतं, चोर येऊन गेले. त्याला लुटणं म्हणतात. तिनं आमच्या बसच्या ड्रायव्हरलासुद्धा तिळगूळ दिला. तो कुठल्याच ज्युरीत नाही."

माझं सोडा हो, मला तर आयुष्यभर वाण लुटूनही हा अर्थ कुणी असा सांगितला नव्हता. मी मागे वळून तिच्याकडे बघतच राहिले. दार मिळो न मिळो, म्हटलं, ही पोरगी माझी आहे. तेवढ्यापुरती माझी सगळी भीती गेली.

हेर ब्र्योमेलांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, सुंदर आहे हे. म्हणाले, लाच नव्हती, हे आम्ही मान्य करतो. मी खुर्चीतून अर्धी उठले. "पण," म्हणाले. आल्झो, पण! फ्राउ हेलविग बाहेर गेल्यामुळे ज्युरी अपुरी आहे, अपुऱ्या ज्युरीला तुमच्या अर्जावर मत देता येत नाही, तेव्हा यंदा नाही, पुढच्या वर्षी अवश्य अर्ज करा. पुढच्या वर्षी! ईस्टर तोंडावर आलेला, पुढच्या वर्षी मी अर्ज कुठल्या दुकानासाठी करू?

आणि मग, शशिकांतराव, इकडं लक्ष द्या, मग ते गृहस्थ उठले. पिशवीची गाठ सोडली, चिठ्ठी काढली, नारळ दोन्ही हातांत धरला, टेबलाला वळसा घालून माझ्यासमोर आले, किंचित वाकले... आणि माझ्या हातात नारळ दिला! मला! अर्ज बाजूला ठेवून, वर हातात नारळ! त्या खोलीत कुणाला तरी ठाऊक होतं का, मराठीत हातात नारळ देणं म्हणजे काय ते? तो बिचारा मोठ्या आदरानं देत होता. मला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांतून घळाघळा पाणी. ओवी घाबरून विचारतेय, ममा, काय झालं? काय सांगू तिला? एका दिवसात पोरीला किती शब्द शिकवायचे?

बाहेर जिन्यात फ्राउ हेलविग उभ्या. त्यांना आत यायला बंदी. मी म्हटलं, माफ करा, माझ्यामुळे तुम्हालाही... आणि मला नारळाला जर्मन शब्द आठवेना, म्हणून नारळच दाखवला. त्या म्हणाल्या, "आता मी ज्युरीत नाही ना? मग आता मला काहीही करता येतं." आणि विचारतात, "तुमच्या सासूबाईंनी ज्याला दीर्घायुष्य मागितलं, तो काय करतो माहितीय?" मी म्हटलं, काय? दारं! अहो, लोखंडी दारं बनवायचं वर्कशॉप आहे त्या माणसाचं. "लायडर," त्या म्हणाल्या, "चांगली बनवतो."

एक दार पडून होतं त्याच्याकडे, कुठल्याशा व्यायामशाळेसाठी केलेलं, माप चुकलं म्हणून परत आलेलं. वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड न बघितलेली ती दोघं आमच्या दुकानात येऊन भिंत मोजायला लागली, आणि मोजता मोजता जी भांडली, की पोरं गृहपाठ सोडून त्यांच्याभोवती गोल करून बसली. सेलीन माझ्या कानाशी येऊन विचारते, "आजीनं यांच्यासाठीच नारळ दिला होता का?" म्हटलं, हो, आणखी दिला असता तर काय झालं असतं कुणास ठाऊक. पण भिंत फुटली, दार बसलं, ईस्टरच्या आत बसलं. त्यानं दाराचं काही घेतलं नाही. म्हणाला, मला फोन आला हेच पुष्कळ.

मी तोच नारळ नव्या उंबऱ्यावर वाढवायला उचलला, तर तो माणूस किंचाळला, माझ्या दारावर नको! मग अंगणातल्या फरशीवर वाढवला. कपाटात राहून पाणी आटलं होतं, पण खोबरं गोड निघालं. सगळ्यांनी खाल्लं, ज्युरीत नसलेल्या सगळ्यांनी. सेलीननं जांभळी दोरी गळ्यातून काढली आणि दप्तराला बांधली, आकड्याला अडकवायला बरी म्हणून.

मग अग्निसुरक्षेचा साहेब तपासायला आला. मी कॉफीचं भांडं लपवलं, पाणीसुद्धा विचारलं नाही, हात मागे बांधून उभी. त्यानं दार ढकललं, उघडलं, लावलं, परत ढकललं. "या, या," म्हणाला, "सगळं ठीक." मी मागे बांधलेले हात सोडले. आणि त्यानं बॅगेतून एक पाटी काढून दारावर लावली. काय लिहिलंय? संकटाच्या वेळीच उघडावे. एरवी उघडलं तर भोंगा वाजेल. म्हटलं, म्हणजे पोरांनी अंगणात खेळायला... "नाइन." उन्हाळ्यात जरा वारा यावा म्हणून... "नाइन." दुसऱ्या दिवशी जुळ्यांपैकी एकानं करून बघितलं. अख्खी गल्ली बाहेर आली.

रविवारी मिरजेहून फोन. "कुंदा, दार झालं का गं?" झालं, आई. "नारळ वाढवलास?" वाढवला. "मग आता दोन्ही दारांनी येतात ना माणसं?" म्हटलं, नाही हो आई, ते दार उघडायचं नाही असं आहे. "अगंबाई! मग तो साहेब काय म्हणाला?" आता मी काय सांगणार... म्हटलं, या, या म्हणाला. "बघ! मी पहिल्या दिवसापासून सांगत होते तुला, फार अगत्याची माणसं आहेत तिथली."

म्हटलं, हो आई, फारच अगत्याची. फक्त दार तेवढं उघडत नाहीत.